शब्दवाल्याला पाठवलेले शब्द

१

सकाळी सहाला उठतो, तोंड धुतो, खुर्ची खिडकीपाशी ओढतो आणि फोनवर ते पान उघडतो. चहा त्यानंतर. ही सवय गेल्या वर्षीची. त्याआधी मी काही वाचायला म्हणून कधी बसलो नव्हतो. चार इयत्ता झाल्या आणि वडिलांनी हातात करवत दिली. त्याचं वाईट वाटलेलं नाही. दारं-खिडक्या करणाऱ्याला आकडे आले आणि अक्षर लागलं की पुरतं.

फोन पुतणीने दिला. ती शाळेत भाषा शिकवते. तिने त्यावर तीन ब्लॉग लावून दिले. एक पुस्तकांचा, एक कवितांचा, एक शब्दांचा. पहिले दोन मी महिन्याभरात सोडले. पुस्तकवाला पुस्तकापेक्षा स्वतःबद्दल जास्त लिहायचा. कवितावाला रोज हळवा व्हायचा. रोज हळवा होणारा माणूस मला चालत नाही.

तिसरा वेगळा होता. रोज एक शब्द, आणि त्यावर दहा-पंधरा ओळी. खाली नाव नाही, फोटो नाही, स्वतःचं कौतुक नाही. मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी शब्द होता पाचर. साठ वर्षं मी पाचरी ठोकल्या आहेत. त्याने लिहिलं होतं, "पाचर स्वतः काही धरत नाही. ती दुसऱ्या दोघांना एकमेकांना धरायला लावते." मी ती ओळ दोनदा वाचली. मग खाली कारखान्यात जाऊन धाकट्याला वाचून दाखवली.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, पुतणीचा बाप. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी लग्न केलं नाही, त्याची बायको गेली, मुलगी आपल्या घरी. वर आम्ही दोघं राहतो, खाली आमचा कारखाना. पुढच्या खोलीत कामाचे दोन बाक, एक माझा, एक त्याचा. मागच्या खोलीत लाकूड. मध्ये एक दार.

"ह्या शब्दवाल्याने कधी हातोडी हातात धरलीय का, विचार त्याला," धाकटा म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो तेव्हा त्यानेच विचारलं, आज काय आणलंय तुझ्या शब्दवाल्याने. तेव्हापासून मी रोज वाचायचो आणि तो रंधा मारत ऐकायचा.

२

आम्हा दोघांत बोलणं त्याच्याकडे होतं. मी कामापुरतं बोलतो. तो दोघांच्या वाटणीचं बोलायचा, आणि जिला नाव नाही अशा प्रत्येक गोष्टीला नाव द्यायचा. दाराखाली सोडतो त्या फटीला तो उंदीरफट म्हणायचा. वरून बंद दिसतो पण भार पडला की उघडतो तो हसरा सांधा. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ठेवलेला आणि वर्षानुवर्षं न हलणारा लाकडाचा तुकडा म्हणजे पाहुणा. रंध्याचं पातं मनासारखं लागलं की कागदाहून पातळ साल निघते, आरपार उजेड दिसतो, ती साय. हे शब्द आमच्या कारखान्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हते. मीही ते रोज वापरायचो, त्याला कधी सांगितलं नाही की मला आवडतात.

एकदा शब्दवाल्याने लिहिलं की कोशात नसलेले, हातांच्या कामातले शब्द वाचकांनी कळवावेत. मी एका बोटाने अर्धा तास खपून उंदीरफट कळवला. दुपारी उत्तर आलं. आभार मानले होते आणि विचारलं होतं, ज्यांचा शब्द आहे त्यांच्या तोंडी तो कसा येतो, तेही कळवाल का. हे विचारणारा माणूस मला शहाणा वाटला. मी लिहिलं, दार चौकटीत बसलं की तो खाली वाकतो, फटीत दोन बोटं घालतो, म्हणतो, उंदीरफट आहे, चला.

दुसऱ्या सकाळी शब्द आला. "दार आणि फरशी यांच्यातली उंदराने मान घालावी एवढी जागा. पावसात लाकूड फुगतं, त्याला फुगायला ही जागा. चांगला सुतार दार मापाचं करतो. त्याहून चांगला सुतार दार थोडं कमी करतो, आणि ते कमी म्हणजेच त्याची विद्या." माझ्या धंद्याबद्दल इतकं नेमकं मी कुठे ऐकलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, एका सुताराने कळवलेला शब्द.

धाकट्याने ऐकलं. खूश झालेला दिसत होता. मग म्हणाला, "एका सुताराने? माझं नाव घालायला फोनची शाई संपत होती का?"

मी म्हटलं, काम कर.

३

चार दिवसांनी एका शिंपिणीच्या दुकानात दार बसवायचं होतं. दार धाकट्याने केलं होतं. चौकटीत घातलं आणि ते फरशीला घासून अडकलं. खाली केसाएवढीही जागा नव्हती. पन्नास वर्षांत असं झालेलं नाही.

मी त्याच्याकडे बघितलं. तो दाराकडे बघत होता, दुसऱ्या कुणी केलेलं असावं तसं.

"उंदीरफट कुठाय?" मी विचारलं.

"काय कुठाय?"

"उंदीरफट."

"ते काय असतं?" तो म्हणाला.

इथे एक सांगायला हवं. धाकटा रुसला की भांडत नाही. अडाण्याचं सोंग घेतो. रंधा म्हणजे काय हो, खिळा कुठल्या बाजूने ठोकतात, आम्हाला काय कळतंय. लहानपणापासूनची खोड. एकदा एका खिडकीवरून आमचं बिनसलं, तर अकरा महिने एका खोलीत काम केलं आणि एक शब्द बोललो नाही. म्हणून मी समजायचं ते समजलो. नाव घातलं नाही याचा राग. दार उतरवलं, खालून अर्धं बोट काढलं, पुन्हा बसवलं. शिंपीण हसून म्हणाली, दोघं भाऊ ना? दिसतंच आहे.

मला माफी मागता येत नाही. कधी मागितली नाही. त्या दुपारी मी शब्दवाल्याला हसरा सांधा कळवला आणि खाली स्पष्ट लिहिलं, हा शब्द माझ्या धाकट्या भावाचा, त्याचा उल्लेख व्हावा.

४

उल्लेख झाला. ठळक अक्षरात. हसऱ्या सांध्यावर त्याने असं लिहिलं की वाचताना मी खुर्चीत सरळ झालो. मी खाली जाऊन मोठ्याने वाचलं. धाकट्याने रंधा थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, छान लिहितो माणूस, पण हे आहे कशाबद्दल?

म्हणजे राग अजून उतरला नव्हता. मी पाहुणा पाठवला. मग साय. प्रत्येक वेळी त्याच्या नावाने. प्रत्येक वेळी शब्दवाला विचारायचा, तोंडी कसा येतो, कुठल्या आवाजात, म्हणताना हात कुठे असतो. मी सगळं कळवलं. एवढ्या बारकाईने मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं.

साय छापून आल्याच्या दिवशी मी त्याच्या बाकाशी उभा राहिलो. रंधा चालत होता. निघत होते ते जाड, तुटके तुकडे. त्याने एक उचलून उजेडात धरला, उलटा केला, खाली टाकला. पुन्हा रंधा मारला, पुन्हा तसाच तुकडा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी ठेवलं होतं आणि जागा आठवत नाही, असा चेहरा होता. सोंग घेताना त्याच्या ओठाचा डावा कोपरा हलतो. तो हलत नव्हता.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा रुसवा नाही.

पुतणीला बोलावलं. तिने बापाला डॉक्टरकडे नेलं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. तारीख, वार, मुलीचं नाव, सगळं विचारलं, सगळं बरोबर आलं. पुतणी म्हणाली, काका, बाबा थकलेत, तुम्ही त्यांना उगाच टोकत जाऊ नका. मी म्हटलं, बरं. डॉक्टर शिकलेला माणूस. त्याच्या यंत्रात येत नाही ते नाहीच, असं मी स्वतःला चार-पाच दिवस बजावलं. शब्द पाठवणं मात्र बंद केलं. पाठवलेले चार मोजले आणि त्याचे गेलेले चार मोजले. यापुढे एकही जायचा नव्हता.

५

सहाव्या सकाळी पान उघडलं. शब्द होता मुकी रेघ.

तो मी पाठवला नव्हता.

ते अकरा महिने आम्ही बोलत नव्हतो तेव्हा काम अडू नये म्हणून खडूने फळीवर रेघा ओढायचो. इथे काप, इथे सोड, इतकं खोल. एकाने ओढायची, दुसऱ्याने बघायची. बोलणं सुरू झाल्यावर धाकट्याने तिला नाव दिलं मुकी रेघ. ते नाव त्याने एकदाच घेतलं. दोघांनाही त्या अकरा महिन्यांची लाज होती. पुतणीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पानावर लिहिलं होतं, "थोरल्याची रेघ जाड, एका दमात ओढलेली. धाकट्याची बारीक, आणि शेवटाला किंचित वर वळलेली, पुढे काही विचारायचं राहिल्यासारखी." हे खरं आहे. पण माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं. वाचल्यावर आलं.

दुपारी मी पुतणीला फोन केला. तिने शपथ घेतली की पान वाचेपर्यंत तिला हा शब्दच ठाऊक नव्हता. तिने तर तो वर्गात वाचून दाखवला होता, मुलांना फार आवडला म्हणाली.

मग मी शब्दवाल्याला विचारलं, हा तुम्हाला कुणी कळवला.

उत्तर लगेच आलं. "धाकटे सांगतात. अलीकडे ते फार छान बोलतात."

मी जिना उतरून खाली गेलो. धाकटा बाकाशी उभा होता. सकाळपासून काय केलं, विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, थोडा वेळ थांबला आणि मिटलं. त्याचा फोन वर, चार्जरला होता. त्याला टाइप करता येत नाही, मिसकॉल तेवढा देता येतो.

६

त्यानंतर रोज. मी काही न पाठवता रोज आमच्या कारखान्यातला एक शब्द. मीही विसरलेले. वडिलांच्या खोकल्याला आम्ही ठेवलेलं नाव. एक पाय आखूड असलेल्या स्टुलाचं नाव. आणि लिहिणं आता बदललं होतं. त्यात चेष्टा आली होती. एका सकाळी लिहिलं होतं, "थोरला कौतुक करतो तेव्हा 'ठीक आहे' म्हणतो. फारच आवडलं तर नुसतं 'हं'. घर पडलं तरी 'हं'च म्हणेल, म्हणून घर पडू देऊ नये." मी एकटाच हसलो. हे शब्दवाल्याचं लिहिणं नव्हतं. हा धाकटा होता, जसाच्या तसा, फक्त मध्ये न अडखळणारा, न भरकटणारा. त्याला शाळा मिळाली असती तर तो असाच बोलला असता.

खाली तो गप्प. तब्येत चांगली. जेवायचा, झोपायचा, बाकाशी उभा राहायचा, हातात रंधा घेऊन लाकडावर नुसता फिरवायचा. पाणी हवं तर बोट दाखवायचा.

मी पान बंद का केलं नाही, असं कुणी विचारेल. केलं होतं. तीन दिवस. ते तीन दिवस घरात कुणाचाच आवाज नव्हता. आणि खाली धाकट्याचं जे जायचं ते जातच होतं. चौथ्या सकाळी मी पुन्हा उघडलं. माझ्या भावाचा आवाज आता तिथेच मिळत होता, आणि तो इतका सुंदर मी कधी ऐकला नव्हता.

त्याच्याकडे एक शब्द उरला होता. मला मारायची हाक. ती दादा नाही, भाऊ नाही. तो तीन वर्षांचा असताना त्याने ती काढली आणि साठ वर्षांहून जास्त वापरली. दुसरं कुणी मला त्या नावाने ओळखत नाही. दिवसातून एकदा, बहुतेक दुपारी, तो बाकाशी मान वर करून ती हाक मारायचा. काही हवं नसायचं. मी ओ द्यायचो, तो मान खाली घालायचा.

त्याच आठवड्यात शब्दवाल्याचा निरोप आला. "एक राहिला. ते तुम्हाला काय म्हणून हाक मारतात? तेवढं ते सांगत नाहीत. तुम्ही कळवावं."

तेवढं ते सांगत नाहीत. ही ओळ मी बराच वेळ वाचत होतो. मग लिहिलं, नाही.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या खोलीत रंधा चालू झाला.

धाकटा माझ्यासमोर होता, दोन्ही हात बाकावर. मी आधी शेजारच्या इमारतीतून आवाज येतोय असं धरलं. पण रंध्याचा आवाज मला कळतो. पातं मनासारखं लागलं होतं. लांब, न तुटणारा, एका दमातला आवाज. मधलं दार मी हातभर उघडलं.

आत फळ्या उभ्या रचलेल्या असतात. दोन फळ्यांमध्ये तीन बोटं फट होती. त्या फटीपलीकडे एक कोपर मागे-पुढे होत होतं. बरगडीला चिकटलेलं, बाहेर न फाकणारं. असा रंधा एकच माणूस मारतो. मी मान वळवून पुढच्या खोलीत बघितलं. तो माणूस तिथे होता, माझ्याकडे बघत. पुन्हा आत बघितलं. फटीतून एक साल जमिनीवर घरंगळत आली, पातळ, आरपार दिसणारी. मी दार लावलं. कडी घातली. कामाला लागलो.

तिसऱ्या दिवसापासून हाका सुरू झाल्या. धाकट्याच्याच आवाजात, मागच्या दाराच्या अगदी जवळून.

"दादा."

मी रंधा मारत राहिलो.

"भाऊ. अण्णा. थोरले."

एकेक हाक, मध्ये थोडी शांतता, ऐकणाऱ्याने कान द्यावेत एवढी. ते काय चाललंय हे मला तेव्हाच कळलं. किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलपाशी बसलेला माणूस असाच एकेक लावून बघतो. बरोबर हाकेला मी ओ दिली, नुसती मान जरी वळवली, तरी कुलूप उघडणार होतं. मी वळवणार नव्हतो. सत्तर वर्षांत माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळलेलं नाही. दोन दिवस हाका चालल्या. धाकटाही त्या ऐकायचा. त्याचे डोळे दाराकडून माझ्याकडे यायचे. त्याला धीर यावा म्हणून मी चुकीच्या हाकांवर हं म्हणून हसायचो आणि काम चालू ठेवायचो.

काल दुपारी ती हाक आली. तीच. तो तीन वर्षांचा असताना जशी मारायचा तशी, शेवटाला किंचित वर.

मी वळलो नाही. मान हलवली नाही, डोळे उचलले नाहीत. मनात म्हटलं, जमलं.

मागे पूर्ण शांत झालं होतं. पुढची हाक आली नाही. बराच वेळ आली नाही. मी कान देऊन वाट बघत होतो, आणि मग लक्षात आलं की पुढच्या खोलीतही शांतता आहे. मी हातांकडे बघितलं. माझा रंधा फळीच्या मधोमध थांबला होता.

८

आज सकाळी सहाला पान उघडलं. माथ्यावर ती हाक होती.

त्याखाली जे लिहिलं आहे ते मी इथे उतरवत नाही. माझ्या हाताने ते बिघडेल. एवढंच सांगतो की मी आयुष्यात जे काही वाचलं त्यात ते सगळ्यात चांगलं आहे. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. वाचल्यावर मी हं म्हणालो नाही.

खाली गेलो. धाकटा त्याच्या बाकाशी बसला होता. मी समोर उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाईक आलं की बघतो तसं, अदबीने, आणि हाताने स्टुलाकडे बोट केलं. बसा.

मी बसलो. त्याचा हात हातात घेतला. त्याने घेऊ दिला, पण कशासाठी ते त्याला कळलं नाही.

हे पुतणीसाठी लिहून ठेवतो आहे. तिने बापाला आपल्या घरी न्यावं. त्याला अंगणात खुर्ची द्यावी, हातात लाकडाचा तुकडा द्यावा, तो शांत राहतो. कारखाना विकावा, अवजारं विकू नयेत. त्या पानाला तिने किंवा तिच्या वर्गातल्या मुलांनी घरातला एकही शब्द पाठवू नये. वाचायला हरकत नाही. असं लिहिणारा दुसरा नाही.

मागच्या खोलीत सकाळपासून तो हाक मारतो आहे. घाई नाही त्याला. हाक मारतो, थांबतो, पुन्हा मारतो. मध्येच कुणाशीतरी बोलतो आणि हसतो. पलीकडचं कोण, ते ऐकू येत नाही. इतकं मोकळं बोलताना मी त्याला बायको गेल्यापासून ऐकलेलं नाही.

कडी मी काढली आहे. एवढं लिहून झालं की ओ देणार आहे.